गुण आणि गुणवत्ता

मराठी भाषेंत ‘गुण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मनुष्याच्या अंगीं जें चांगलें असतें तो गुण. आणि परीक्षकानें उत्तरपत्रिकेच्या समासांत जो आंकडा मांडला तोही गुणच. एकाच शब्दावर आम्हीं दोन निराळ्या वस्तूंचें काम भागविलें, आणि त्याचें फळ असें झालें कीं, आंकडा कमी आला म्हणजे मुलाच्या अंगींच गुण कमी, अशी समजूत घरोघर होऊन बसली. महाविद्यालयाच्या दारांत ज्या यादीवर मुलांचें भवितव्य ठरतें तिला आम्ही ‘गुणवत्ता यादी’ म्हणतों. त्या यादींत गुणवत्ता किती आणि नुसते गुण किती, याची परीक्षा करावी एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

उदाहरणादाखल, नाशिकपासून सुमारें वीस किलोमीटरांवर मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेलें ओझर हें गांव घेऊं. बाणगंगेच्या कांठचें हें शेतकऱ्यांचें गांव. १९६४ सालीं येथें मिग विमानांसाठीं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला, आणि द्राक्षांच्या बागांशेजारीं निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या नोकरदारांची वसाहत उभी राहिली. तेव्हांपासून येथील मुलें एकाच रस्त्यानें शाळेस जातात. पण कोणी राज्य मंडळाच्या परीक्षेस बसतो, तर कोणी केंद्रीय मंडळाच्या. दहावी झाली कीं दोघांनाही नाशिकच्या एखाद्या नामांकित महाविद्यालयांत विज्ञानशाखेची जागा हवी असते. २०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यांत एकाच मध्यवर्ती ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागले, आणि ओझरचीं हीं दोन मुलें एका यादींत एकाखालीं एक आलीं. दोन दुकानांतल्या दोन तराजूंवर तोललेला माल एकाच वहींत मांडावा, तसा हा प्रकार आहे.

तराजू दोन आहेत हें एक वेळ सोडून दिलें, तरी एकच तराजू दरसाल सारखा असतो काय? राज्य मंडळाच्या दहावीचा निकाल २०१८ सालीं ८९.४१ टक्के, २०१९ सालीं ७७.१०, २०२० सालीं ९५.३० आणि २०२१ सालीं ९९.९५ टक्के लागला. महाराष्ट्राच्या मुलांची बुद्धि एका वर्षांत बारा टक्क्यांनीं ओसरली आणि पुढच्याच वर्षीं अठरा टक्क्यांनीं वाढली, असें कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. २०१९ सालीं अभ्यासक्रम नवा होता आणि भाषादि विषयांतील शाळेनें द्यावयाचे वीस गुण काढून टाकलेले होते. २०२० सालीं ते परत आले, आणि करोनाच्या सांथीमुळें रद्द झालेल्या भूगोलाच्या पेपराचे गुण सरासरीनें दिले गेले. २०२१ सालीं तर परीक्षाच झाली नाहीं. शाळांनीं केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला. मुलें तींच होतीं, माप बदललें.

यावर कोणी म्हणेल, ‘वर्षावर्षाची तुलना कशाला? एका वर्षाच्या यादींत तर सर्वांस एकच नियम असतो.’ पण तेंही पुरतें खरें नाहीं. शाळेच्या हातचे गुण प्रत्येक शाळा आपल्या हातानें देते. कोणाचा हात सढळ, कोणाचा आंखडता. मंडळामंडळांतील अंतर तर सरकारासही ठाऊक होतें. २००८ सालीं निरनिराळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणण्याचें पर्सेंटाइलचें सूत्र निघालें. तें मुंबई उच्च न्यायालयांत टिकलें नाहीं. २००९ सालीं राज्य मंडळाच्या मुलांसाठीं नव्वद टक्के जागा राखण्याचा निर्णय झाला. तोही रद्द झाला. २०१० सालीं ‘बेस्ट फाइव्ह’, म्हणजे सर्वांत चांगल्या पांच विषयांचे गुण धरण्याची युक्ति पुढें आली. ती उच्च न्यायालयानें नाकारली व सर्वोच्च न्यायालयानें उचलून धरली. २०२१ सालीं अकरावीसाठीं योजलेली निराळी परीक्षा उच्च न्यायालयानें रद्द केली. या साऱ्या खटाटोपांत ‘कोणाच्या जागा कमी होतील?’ हा प्रश्न मोठ्यानें विचारला गेला. ‘आपण नक्की काय मोजीत आहोंत?’ हा प्रश्न मात्र मागेंच राहिला.

शालान्त गुणांवर विश्वास नाहीं, म्हणून सर्वांस एकच प्रवेशपरीक्षा असावी, असा दुसरा पक्ष आहे. त्याचें म्हणणें टाकाऊ नाहीं. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ सालच्या पहिल्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेंत रानडे आणि भांडारकर उत्तीर्ण झाले, आणि परक्या परीक्षकापुढें दिलेल्या परीक्षेनें गरिबाच्या हुशार मुलास वर येण्याची वाट पिढ्यान्‌पिढ्या दिली. परंतु त्या परीक्षेला विचारलेला प्रश्न साधा होता: हा विद्यार्थी महाविद्यालयीन अध्ययनास योग्य आहे कीं नाहीं? आजच्या परीक्षेस विचारला जाणारा प्रश्न निराळा आहे: योग्य असलेल्या लाखों विद्यार्थ्यांत अमुक एक तमुकाच्या वर कीं खालीं? पहिल्या प्रश्नास परीक्षा बरेंच खरें उत्तर देऊं शकते. दुसऱ्या प्रश्नास ती उत्तर देतेच, पण तें खरें असेलच असें नाहीं.

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचींच उदाहरणें पाहा. २०२० सालीं दोघांना ७२० पैकीं ७२० गुण मिळाले. क्रमांक तर एकासच पहिला द्यावयाचा. म्हणून नियमाप्रमाणें वयानें मोठा तो पहिला ठरला. वय ही गुणवत्ता नव्हे, हें सांगावयास नको. २०२४ सालीं २३ लाखांवर विद्यार्थी बसले आणि ६७ जणांना पूर्ण गुण मिळाल्याचें प्रथम जाहीर झालें. मग कांहींचे वाढीव गुण काढले गेले. पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नास दोन उत्तरें बरोबर धरलीं होतीं, तेथें सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें एकच धरलें गेलें. आणि सुधारित यादींत पूर्ण गुणांचे धनी १७ च उरले. एका प्रश्नाच्या उत्तरानें ज्यांचा क्रमांक खालीं गेला त्यांचें ज्ञान आदल्या दिवशीं होतें तेवढेंच दुसऱ्या दिवशींही होतें. जेथें चार-पांच गुणांच्या फरकानें सरकारी महाविद्यालयाची जागा जाते, तेथें बापाला द्राक्षाच्या पिकावर काढलेल्या कर्जांतून खाजगी शिकवणीची फी भरावीशी वाटली, तर त्याला आम्ही कोणत्या तोंडानें नांवें ठेवावीं?

दूरदेशींही हा वाद मिटलेला नाहीं. अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठानें २०२० सालीं ‘सॅट’ ही सामाईक परीक्षा सोडून देण्याचें ठरविलें, कारण ती संपन्न घरांतील मुलांना झुकतें माप देते असा आक्षेप होता. तर मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयानें, म्हणजे एम. आय. टी. नें, ती २०२२ सालीं पुन्हां सक्तीची केली, कारण साध्या शाळेंतला हुशार मुलगा तिच्यामुळेंच ओळखूं येतो असा त्यांचा अनुभव. टेक्सस संस्थानानें १९९७ सालीं तिसरी वाट धरली: प्रत्येक शाळेच्या वरच्या दशांशांतील मुलांना संस्थानाच्या विद्यापीठांत प्रवेशाचा हक्क दिला. म्हणजे मुलाची तुलना त्याच्याच फळ्यासमोर बसलेल्या मुलांशीं केली. यांतही उणीव आहे, कारण सर्व शाळा सारख्या नसतात; पण मूळ विचार मार्मिक आहे.

तो विचार ओझरकरांना नवा वाटूं नये. वाघाड धरणाच्या कालव्याचें पाणी शेवटच्या टोकाच्या शेतांस पोहोंचत नसे. १९९० च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या खटपटीनें तेथें महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या पाणीवापर संस्था निघाल्या, आणि पाणी घनमापानें मोजून घेण्याची रीत पडली. कालव्याच्या तोंडाशीं किती सोडलें याचा हिशेब टोकाच्या शेतकऱ्याच्या कामाचा नसतो. त्याच्या चारीपर्यंत किती आलें, हें मोजावें लागतें. मुलांच्या बाबतींत आम्ही नेमकें उलट करितों. पीक काट्यावर घालतों आणि पाणी किती मिळालें हें विचारीत नाहीं. ज्याच्या शाळेंत विज्ञानाचा शिक्षक वर्षभर नव्हता त्याचे ऐशीं टक्के, आणि ज्याच्या घरीं तीन शिकवण्या होत्या त्याचे पंच्याऐशीं टक्के, यांत अधिक गुण कोणाचा, हें नुसता आंकडा सांगूं शकत नाहीं.

‘पण आंकडा सोडला कीं वशिला शिरेल,’ हा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. आंकड्याची मोठी थोरवी हीच कीं, तो कोणाची जात, आडनांव वा ओळखदेख पाहत नाहीं. म्हणून आंकडा टाकावा असें आमचें म्हणणें नाहीं. त्याच्या लायकीपेक्षां अधिक काम त्याच्यावर लादूं नये, एवढेंच आहे. शालान्त परीक्षा आणि सामाईक परीक्षा, दोन्हींचे गुण एकत्र पाहावे. २०१३ ते २०१६ पर्यंत जे. ई. ई. मेन परीक्षेच्या क्रमवारींत बारावीस चाळीस टक्के वजन होतें, तेव्हां हें अशक्य खास नाहीं. मुलाचें त्याच्या स्वतःच्या शाळेंतलें स्थान तिसरें माप म्हणून लिहिलेल्या नियमानें धरावें. आणि जेथें फरक एका प्रश्नाएवढाच आहे तेथें दोघे समान आहेत असें प्रांजळपणें कबूल करावें व उघड सोडत काढावी. नेदरलंडमध्यें वैद्यकाच्या जागा १९७२ सालापासून अनेक वर्षें अशाच सोडतीनें भरल्या. अधिक गुणवाल्यास चिठ्ठी निघण्याची संधि अधिक, पण खात्री कोणासच नाहीं. या तिन्ही गोष्टी छापील नियमानें होतात, आणि छापील नियमांत वशिल्यास वाव कमी.

शेवटीं महाविद्यालयांनीं एक हिशेब अवश्य द्यावा: यादींत वरून घेतलेले आणि खालून घेतलेले विद्यार्थी तीन वर्षांनीं कोठें पोहोंचले? ज्या मापाचा पुढच्या पिकाशीं ताळा कधींच पाहिला नाहीं, त्यास माप म्हणणें धाडसाचें आहे.

हे फेरफार होतील तेव्हां होवोत. आमच्या वाचकांच्या हातीं मात्र एक गोष्ट आजच आहे. निकालाच्या दिवशीं मूल घरीं येईल तेव्हां त्यास ‘किती मार्क मिळाले?’ असें खुशाल विचारावें. मार्क हा परका शब्द त्या आंकड्यास पुरेसा आहे. गुण हा आपला शब्द आपण त्या मुलासाठीं राखून ठेवावा.