पायांनी ऐकायची फिडल

जो थॉम्प्सनची फिडल पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी चाळीस सेकंदांत बंद केली. गजाची खरखर, किंचित उतरलेला सूर आणि तीच ती छोटी धून पुन्हा पुन्हा. मी त्याच्यापर्यंत पोचलो उलट्या वाटेनं. बियॉन्सेच्या 'टेक्सस होल्ड एम'मधला बँजो रिअॅनन गिडन्सनं वाजवलाय, आणि ती या म्हाताऱ्याची शिष्या.

थॉम्प्सन (१९१८–२०१२) नॉर्थ कॅरोलायनातल्या मेबनजवळचा कृष्णवर्णीय फिडलवादक. पोटासाठी फर्निचरच्या कारखान्यात नोकरी, फिडल वडिलांकडून आलेली. मक्याची कणसं सोलायला शेजारीपाजारी जमायचे, काम उरकलं की नाच. तिथे जो फिडलवर आणि चुलतभाऊ ओडेल बँजोवर.

त्याचा 'फॅमिली ट्रॅडिशन' (१९९९) हा अल्बम दुसऱ्यांदा लावला तो भांडी घासताना. थोड्या वेळानं हात तालावर चालायला लागले आणि माझी चूक कळली. मी ही धून मैफलीसारखी ऐकत होतो, तिचा विस्तार कधी होतो याची वाट बघत. पण इथे विस्तार नाचणारे करतात. धूनेनं फक्त पायांखालची जमीन व्हायचं. बरं, जोडीला ढोल नाही. ठेका द्यायचं काम गजानंच करायचं. मला खरखर वाटली तो खरं तर ठेका होता.

म्हणून सगळंच 'अस्सल' म्हणून डोक्यावर घ्यावं असं नाही. गाता गाता वाजवताना कुठे कुठे त्याचा सूर सुटतो. त्याला मी शैली म्हणणार नाही. त्या चुकांसकट तो मला आवडतो, एवढंच.

या अल्बमचं मोल मात्र सुरांपलीकडचंही आहे. १९२०च्या दशकात अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांनी बाजार वाटून टाकला: काळ्यांसाठी 'रेस रेकॉर्ड्स', गोऱ्यांसाठी 'हिलबिली'. काळ्यांनी ब्लूज गावं, फिडल गोऱ्यांनी वाजवावी, असा हिशेब. या वाटणीत काळे फिडलवादक फारसे बसलेच नाहीत. पुढे लोकांना वाटू लागलं की ते नव्हतेच. थॉम्प्सनचा प्रत्येक ट्रॅक हा समज खोडून काढतो.

२००१ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, तरी त्यानं वाजवणं सोडलं नाही. २००५ पासून गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन दर गुरुवारी त्याच्या घरी शिकायला जाऊ लागले. त्यातूनच 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा बँड उभा राहिला. त्यांच्या 'जेन्युइन नीग्रो जिग'ला ग्रॅमी मिळालं. तो अल्बम स्वच्छ, चपळ, देखणा आहे. पण मला तो बसून ऐकावासा वाटतो. थॉम्प्सन ऐकताना बसवत नाही. तरीही ते तिघे त्या गुरुवारी गेले नसते, तर मी त्याच्यापर्यंत पोचलोच नसतो.

तुम्ही ऐकाल तेव्हा फोन खिशात ठेवा आणि हाताशी काहीतरी काम घ्या. चाळीस सेकंदांत तर नाचाचा पहिला फेराही पुरा होत नाही.