आंबट रसाची डावी बाजू

नानायने पातेलं टेबलावर आणून ठेवलं, आणि झाकण काढायच्या आधी माझ्यापुढे एक बशी सरकवली. बशी एवढीशी, तळहातात मावेल इतकी. तळाशी तपकिरी पाणी आणि त्यात चमच्याच्या पाठीने चेचलेल्या दोन मिरच्या, आपल्या लवंगी मिरचीच्या तोडीच्या. ते पाणी म्हणजे पातिस, मासळी मिठात महिनोन्‌महिने मुरवून गाळलेला अर्क. वासावरूनच मी ओळखलं की याच्या वाट्याला जपून जायला हवं. मग झाकण निघालं, वाफ आली, आणि मी त्या बशीला हातही न लावता पातेल्यातलं सगळं मनापासून खाल्लं.

माझ्या मते मी सभ्यपणे वागत होते. पाहुण्याने वरून मीठ मागणं म्हणजे रांधणारणीच्या हाताला नाव ठेवणं, हे लहानपणीच अंगात मुरलेलं. इकडे नानाय हिरमुसली होती. तिने लेकीला हळूच विचारलं, हिला बरं नाही का? लेक दुबईत माझ्याबरोबर काम करते. सगळे तिला ‘आते’ म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तिकडे आते म्हणजे थोरली बहीण आणि नानाय म्हणजे आई. आते हसत म्हणाली, “तू बुडवलं नाहीस. मग तू जेवलीसच कुठे?”

हे लुक्बानमधलं. फिलिपिन्सच्या केसोन प्रांतात, बनाहाव डोंगराच्या पायथ्याशी असलेलं गाव. दुसऱ्या दिवशी, १५ मेला, तिथला मोठा सण होता. आदल्या रात्रीचं हे साधं घरगुती जेवण: भात आणि सिनिगांग.

सिनिगांग हे नावच आधी नीट पाहण्यासारखं आहे. तागालोग भाषेत ‘सिगांग’ म्हणजे रस राखून शिजवणं. त्या धातूच्या पोटात ‘इन’ शिरला की झालं सिनिगांग, म्हणजे शिजवलेलं. बस, एवढंच. नावात ना मासा, ना मांस, ना चिंच. म्हणूनच आज त्यात बांगुस मासा पडतो, उद्या कोळंबी, परवा डुकराच्या बरगड्या, आणि नाव तेच राहतं.

कृती मी मोरीजवळ उभं राहून पाहिली. तांदळाचं पहिलं धुवण नानायने ओतून दिलं, दुसरं दुधट पाणी मात्र पातेल्यात घेतलं. रश्शाला जो किंचित अंगचा दाटपणा येतो तो त्या धुवणाचा, आणि पुढे विरघळणाऱ्या अळकुड्यांचा. कांदा, टोमॅटो. वेगळ्या भांड्यात हिरव्या चिंचा, साल फुटेपर्यंत उकडून, कुस्करून, गाळून. गाभुळलेली चिंच तिला चालत नाही. मग मुळा, चवळीच्या लांब शेंगा, अख्खी हिरवी मिरची, मासा, आणि विस्तव बंद करता करता नाळीची भाजी, तिकडचं कांगकोंग. फोडणी नाही. हळद नाही. तिखट नाही.

आणि गूळ नाही! मराठी जिभेला पहिला धक्का बसतो तो इथे. आपल्याकडे चिंच एकटी कधी घराबाहेर पडत नाही. आमटी असो की अळूचं फदफदं, तिच्यामागून गूळ येतोच, तिला सांभाळून घ्यायला. सिनिगांगमध्ये आंबटाला असा पालक नाही. पहिला चमचा घेतला की जबड्याच्या मुळाशी कळ येते, डोळे बारीक होतात, आणि मग, मला अजून नीट सांगता येत नाही असं, सगळं तोंड धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मे महिन्याच्या चिकट उकाड्यात या चवीचा अर्थ लागायला वेळ लागत नाही. मुळ्याचा उग्रपणा, भाजीचं हिरवेपण, बांगुसच्या पोटाची चरबी हे त्या आंबटपणात वेगवेगळं कळतं. काटे मात्र पाल्याच्या वरताण.

चिंच मिळाली नाही तर अडत नाही. जे झाड दारात, त्याचा आंबटपणा: कुठे कैरी, कुठे पेरू, कुठे सांतोल, कुठे कामियास, म्हणजे गोव्या-कोकणातली बिंबली. पश्चिम विसायास बेटांवर बातुआन नावाचं फळ वापरतात. ते आपल्या कोकमाच्याच कुळातलं, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात दोघांची ‘गार्सिनिया’ ही प्रजाती एक. तिथे तूर, फणस आणि डुकराचं मांस यांचा रस्सा बातुआन घालून आंबट करतात. मांस वगळलं तर यातलं काय कोकणातल्या माणसाला परकं आहे?

बशीकडे परत येते. तिला म्हणतात साव्सावान, बुडवायची गोष्ट. फिलिपिनी खाण्यावर सर्वांत चांगलं लिहिणाऱ्या डोरीन फर्नांडेझ (१९३४–२००२) यांनी या बशीचा फार नेमका विचार केला आहे. त्या मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठात शिकवत, वर्तमानपत्रात स्तंभ लिहीत. ‘साराप’ (१९८८) आणि ‘तिकिम’ (१९९४) ही त्यांची पुस्तकं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की बशीमुळे खाणाराही रांधण्यात सामील होतो आणि रांधणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. म्हणजे पदार्थ चुलीवर पुरा होत नाही. तो थोडा अधुरा ठेवूनच टेबलावर येतो.

मला आपल्या ताटाची डावी बाजू आठवली. मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. तीही खाणाऱ्याच्या मर्जीवरच सोडलेली असते. पण आपली डावी बाजू डावीकडेच बसून राहते. चव पालटायची म्हणून मधूनच बोट तिकडे जातं. साव्सावान प्रत्येक घासात येतं. त्या टेबलावर पाच माणसं होती आणि पाच वेगळ्या बश्या. कुणाच्या पातिसमध्ये मिरची, कुणाच्यात इवल्याशा कालामान्सी लिंबाचा रस, आतेच्या भावाच्या बशीत नुसतं बागोओंग, मुरवलेल्या जवळ्याचा जांभळट लगदा. एकाच पातेल्यातून पाच सिनिगांग निघाली. मी जेवले ते सहावं, कच्चं!

२०२१ मध्ये तिथल्या व्यापार आणि उद्योग खात्याने अदोबो या तिथल्या घरोघरच्या पदार्थाची प्रमाणित कृती ठरवायला घेतली तेव्हा देशभर आरडाओरडा झाला तो उगाच नाही. पुढच्या यादीत सिनिगांगही होतं. परदेशात ओळख करून द्यायला एक नमुना हवा, घरोघरच्या कृतीला हात लावायचा नाही, अशी सारवासारव खात्याला करावी लागली. हेतू वाईट नसेलही. पण बशीचं प्रमाण कसं ठरवणार?

हे सगळं चालतं ते भाताच्या जिवावर. पातेल्यात असतं ते ‘उलाम’, आणि या शब्दाला आपला तोंडीलावणं हा शब्द चपखल बसतो: भात मुख्य, बाकी सगळं त्याच्या सोबतीला. शेतातलं भात ते पालाय, तांदूळ बिगास, शिजला की कानिन, तळाशी लागलेली खरवड तुतोंग, शिळा भात बाहाव. इंग्रजीला यातल्या निम्म्या गोष्टींना सुटा शब्द नाही. आपल्याला आहे.

दुसऱ्या दिवशी पाहियास. शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याच्या नावाने होणारा हा सण. मिरवणूक ज्या रस्त्यांनी जायची असते तिथली घरं पिकाने मढवतात, आणि दरवर्षी वाट बदलते, म्हणजे पाळी सगळ्यांना मिळते. खिडक्यांतून भाताच्या लोंब्या, भोपळे, लसणीच्या वासाचे लुक्बानी सॉसेजचे हार. पण नजर ठरते ती किपिंगवर. तांदळाचं पीठ झाडाच्या खऱ्या पानावर पसरायचं, वाफवायचं, सोलून काढायचं, दाबून वाळवायचं. हळदीच्या पानावर पातोळ्या थापणाऱ्या बाईला हे दोन मिनिटांत जमेल. पानाच्या शिरासुद्धा पिठावर उमटतात. लाल, पिवळी, हिरवी अशी शेकडो पानं एकत्र बांधून झुंबरं टांगलेली असतात, आणि ऊन त्यांतून गाळून येतं.

घरांची दारं उघडी. वाटेने जाणाऱ्या कुणालाही ‘काइन तायो’, चला जेवू या, अशी हाक. आपलं ‘या जेवायला’ पुष्कळदा दारातच विरतं. इथे मात्र लोक खरंच आत शिरत होते, ज्यांना घरातलं कुणी ओळखत नव्हतं तेसुद्धा. निघताना हातात पुडकं. मीही तीन घरी जेवले, बळेच.

रस्त्यावर पान्सित हाबहाब खाल्लं: परतलेल्या शेवया केळीच्या पानाच्या तुकड्यावर. काटा नाही, चमचा नाही, बोटंही लावायची नाहीत. पान उचलून तोंडाला लावायचं आणि ओढायचं. विकणारी बाई पान हातात देते आणि व्हिनेगरची बाटली पुढे करते. किती शिंपडायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी बेताने शिंपडलं. ती बघत होती. मी आणखी शिंपडलं.

सोळा तारखेच्या सकाळी गाव झोपाळलेलं. नानायने बाहाव मोकळा करून भरपूर लसणीवर परतला, तो सिनांगाग. पुन्हा तोच पोटात शिरलेला ‘इन’. मग ती खिडकीपाशी गेली, झुंबरातली पाच-सहा किपिंग तोडून आणली आणि तेलात सोडली. कालपर्यंत संताच्या वाटेवर लटकलेली लाल पानं कढईत पापडासारखी फुलली, कडेने मुडपली. रंग थोडा फिका पडला, शिरा तशाच राहिल्या.

ताटली टेबलावर आली. व्हिनेगरची बरणी नानायच्या हाताशी होती, पण तिने ती उचलली नाही. मी उठले, फडताळातून एक बशी घेतली, व्हिनेगर ओतलं, मिरची चेचली, आणि जरा विचार करून लसणीची एक पाकळीही.

नानायने आपलं पान माझ्या बशीत बुडवलं.