आप्त कोण? एक्लिप्सची प्लगिनं आणि डेबियनचं वचन

गेल्या वेळी आपण शब्दप्रमाणाची चर्चा केली. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळालेलं ज्ञान प्रमाण केव्हा मानायचं, हा तो प्रश्न. आज तोच प्रश्न आम्ही एका अगदी चालू काळातल्या व्यवहाराला लावून पाहणार आहोत. प्रोग्राम लिहिण्यासाठी जी मोठी साधनं वापरतात, त्यांना जोडायची प्लगिनं लिनक्सच्या वितरणांनी स्वतः पॅकेज करून द्यावीत का? आमचं मत आधीच सांगून टाकतो: द्यावीत, पण जेवढ्यांची जबाबदारी पेलवेल तेवढीच. डेबियनने एक्लिप्सच्या बाबतीत हा ‘पण’ फार उशिरा ओळखला.

डेबियनमध्ये एखादं पॅकेज येतं तेव्हा एक मेन्टेनर, बहुधा स्वयंसेवक, त्याला आपलं नाव जोडतो. परवाना मोकळा हवा, सोर्स कोड उघड हवा, आणि बिल्ड करताना इंटरनेटवरून काहीही न ओढता त्या सोर्सपासूनच पॅकेज तयार झालं पाहिजे. या सगळ्यामागे १९९७ साली स्वीकारलेला डेबियनचा सामाजिक करार आहे. आपल्या परिभाषेत बोलायचं तर मेन्टेनर हा आप्त. वात्स्यायनांनी आप्ताची व्याख्या करताना कुळ विचारलं नाही. ऋषी असो, आर्य असो, म्लेच्छ असो. ज्याला वस्तू साक्षात माहीत आहे आणि ती आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढच्या परंपरेत वक्त्याचे चार दोषही मोजले गेले: भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा म्हणजे फसवण्याची इच्छा, आणि करणापाटव म्हणजे साधनं अपुरी पडणं. हे चार शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता एक्लिप्सकडे येऊ. २००१ साली आयबीएमने ते मुक्त केलं. त्याची रचना अशी की गाभा अगदी लहान आणि बाकी सगळं प्लगिन. जावाचा संपादकसुद्धा प्लगिनच. २००४ च्या ३.० आवृत्तीपासून ही प्लगिनं ओएसजीआय नावाच्या पद्धतीने जोडली जातात. प्रत्येक जार फाइलच्या आत एक मॅनिफेस्ट असतो. त्यात ती आपलं नाव सांगते आणि आपल्याला कोणती दुसरी जार, कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत चालेल, तेही सांगते. २००८ च्या ३.४ आवृत्तीत पी-टू ही यंत्रणा आली. म्हणजे एक्लिप्सच्या पोटातच एक पॅकेज मॅनेजर बसला.

इथेच भांडणाचं मूळ आहे. एका घरात दोन कारभारी झाले. वितरणाचा पॅकेज मॅनेजर रूटच्या अधिकाराने प्लगिनं यूएसआर डिरेक्टरीत ठेवतो. पी-टू वापरणाऱ्याच्या होम डिरेक्टरीत ठेवतो. वितरणाने खालची आवृत्ती बदलली की होममधल्या प्लगिनांचा हिशेब बिघडू शकतो, आणि वापरणाऱ्याला कळत नाही की गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे. त्यात वितरणाचा नियम असा की एकच लायब्ररी दहा पॅकेजांत कोंबू नये. यंत्रणेत तिची एकच प्रत असावी, म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती एकदाच करावी लागते. नियम उत्तम. पण एक्लिप्सच्या प्लगिनाला हवी असलेली जार आणि डेबियनमधली जार यांचे मॅनिफेस्ट जुळतीलच असं नाही. मग मेन्टेनरने प्लगिनातली जार काढायची, तिथे सिमलिंक घालायची, मॅनिफेस्ट दुरुस्त करायचा, आणि पुढच्या आवृत्तीला हे सगळं पुन्हा करायचं.

हे काम किती जण, किती दिवस करणार? परिणाम पाहा. जून २०१७ मध्ये डेबियन ९ आलं, त्यात एक्लिप्स होतं ३.८ मालिकेतलं, म्हणजे २०१२ सालचं. त्याच महिन्यात एक्लिप्सने स्वतः ४.७ आवृत्ती प्रसिद्ध केली. आणखी विचित्र गोष्ट अशी की त्याच डेबियन ९ मध्ये जावाची आवृत्ती होती ८. जावा ८ मधली लॅम्डा ही रचना ३.८ च्या एक्लिप्सला समजतच नाही. भाषा नवी, आणि ती वाचणारं साधन जुनं. दोन्ही एकाच शिक्क्याखाली! नवशिक्या माणसाने पुस्तकातला शुद्ध प्रोग्राम टंकावा, एक्लिप्सने त्याखाली लाल रेघ मारावी, आणि त्याने चूक आपलीच समजावी. शिक्क्यावर विश्वास होता म्हणूनच हे घडू शकलं. २०१९ च्या डेबियन १० मध्ये एक्लिप्स उरलंच नाही.

इथे लबाडी कुणाचीच नव्हती. दोष होता तो चौथा, करणापाटव. पण आमची टीका अशी की हा दोष झाकलेला राहिला. हात कमी आहेत, हे पॅकेजच्या वर्णनात कुठे वाचायला मिळतं? जे पॅकेज सांभाळणं होत नाही ते वेळेवर काढून टाकणं हीसुद्धा वचनपूर्तीच आहे. २०१९ चा निर्णय आम्हाला पराभव वाटत नाही. तो उशिरा बोललेला खरेपणा होता.

मग कुणी म्हणेल, हा खटाटोप हवाच कशाला? सरळ मार्केटप्लेसवरून घ्या. आजचे बहुसंख्य लोक व्हीएस कोडमध्ये तेच करतात. पण तिथलं एक्स्टेन्शन वापरणाऱ्याच्या पूर्ण अधिकाराने चालतं. तुमच्या फायली, तुमच्या किल्ल्या, सगळं त्याला मोकळं. तिथे धोका विप्रलिप्सेचा. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या अटींप्रमाणे ते मार्केटप्लेस त्यांच्याच उत्पादनांसाठी आहे. म्हणूनच एक्लिप्स फाउंडेशन चालवतं ते ओपन व्हीएसएक्स हे वेगळं कोठार लागलं.

वितरणाच्या शिक्क्यालाही विप्रलिप्सा चुकत नाही, हे २०२४ च्या एक्सझेड प्रकरणाने दाखवलं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदार लपवलेलं होतं, आणि ते डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत पोचलं. लॉगिनला किंचित जास्त वेळ का लागतो, याचा पाठपुरावा करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांनी ते पकडलं. डेबियनच्या स्थिर शाखेत मात्र ते पोचलं नव्हतं. ज्या संथपणाने एक्लिप्स शिळं केलं, त्यानेच इथे रक्षण केलं. तेव्हा संथपणाला सरसकट दोष देऊ नका. संथपणा आणि दुर्लक्ष यांत फरक करा.

हा फरक पाळता येतो, याचं उदाहरण डेबियनमध्येच आहे: इमॅक्सची प्लगिनं. मॅगिट घ्या. ते वाचता येईल अशा लिस्प मजकुरात असतं, तोच मजकूर पॅकेजमध्ये येतो आणि बाइट-कंपाइल होतो तुमच्याच यंत्रावर. अशा पॅकेजांसाठी मेन्टेनरांनी एक सामाईक साधन बनवलं, त्यामुळे प्रत्येक नव्या प्लगिनाचं ओझं हलकं झालं. एक्लिप्ससारखं जारींचं जंगल तिथे नाही. प्लगिन जितकं वाचण्याजोगं, तितकं त्याबद्दल आप्तपणे बोलणं शक्य.

तर वितरणांकडे आमची मागणी दोनच गोष्टींची आहे. जे प्लगिन वाचून, बांधून, सांभाळता येईल तेच शिक्क्यासह द्या. आणि हात अपुरे पडू लागले की ते वापरणाऱ्याला त्याच पॅकेजवर, त्याच दिवशी सांगा. आपल्याकडे वापरणारे पुष्कळ, मेन्टेनर थोडे. म्हणून ही दुसरी मागणी आपल्यालाही लागू होते. फुकट मिळालं म्हणून शिव्या देण्याआधी हाताशी हात लावता येतो का, तेवढं पाहावं. आता प्रश्न घेऊ.