चिटणीसांची बखर: दहा संदर्भ, साक्षीदार एकच

'दहा पुस्तकांत लिहिलंय' हे वाक्य लिटरेचर रिव्ह्यूत हमखास येतं. मी विज्ञानाची, तरी यावेळी उदाहरण इतिहासातलं घेतेय, कारण त्यात ही गोची फार स्वच्छ दिसते.

3 एप्रिल 1680 ला शिवाजी महाराज गेले. संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. अष्टप्रधानांतले सचिव अण्णाजी दत्तो आणि पेशवे मोरोपंत पिंगळे यांनी 10 वर्षांच्या राजारामांना पुढे केलं आणि पन्हाळ्याकडे निघाले. सेनापती हंबीरराव मोहित्यांनी त्यांना वाटेतच कैद केलं. संभाजीराजांनी पुढे अण्णाजींना पुन्हा पद दिलं. 1681 मध्ये दुसरा कट उघड झाला आणि अण्णाजी, बाळाजी आवजी चिटणीस, हिरोजी फर्जंद यांना देहदंड झाला.

आता 'संभाजी व्यसनी, तापट, कारभाऱ्यांवर अन्याय करणारा' हे चित्र कुठून आलं? मोठा वाटा मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीचा. ती साधारण 1810 च्या सुमारास लिहिली गेली, म्हणजे घटनेनंतर जवळपास 130 वर्षांनी. आणि लेखक बाळाजी आवजींच्या वंशातला! आपल्या भाषेत सांगायचं तर कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट, तोही जाहीर न केलेला. नंतरच्यांनी बखरीवरून लिहिलं, त्यांच्यावरून पुढच्यांनी, मग नाटकं आली. संदर्भ वाढले, डेटा पॉइंट एकच राहिला. सभासदाची बखर जुनी खरी, पण तीही राजारामांच्या सांगण्यावरून लिहिलेली. वा. सी. बेंद्र्यांनी 1960 च्या चरित्रात आणि नंतर कमल गोखल्यांनी मूळ कागद तपासले, तेव्हा कुठे चित्र बदललं.

पण म्हणून बखर फेकून द्यायची का? मला हे पटत नाही. हल्ली उलटं टोक दिसतं: राजा निर्दोष, प्रधान सगळे गद्दार. हीसुद्धा आधी निष्कर्ष, मग पुरावा अशीच पद्धत. कटाची बातमी इंग्रज वखारीच्या पत्रांतही आहे, म्हणजे कट झाला याला वेगळा आधार मिळतो. बाळाजींचा त्यात नेमका हात किती, हा मात्र स्वतंत्र प्रश्न. दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका.

कोणतीही थिअरी मांडलीत की ती हंबीररावांवर तपासा. ते राजारामांच्या आईचे, सोयराबाईंचे सख्खे भाऊ. भाचा गादीवर बसत असताना त्यांनी संभाजीराजांची बाजू घेतली. 'घराण्याचा स्वार्थ' एवढ्याने सगळं सुटतं म्हणणाऱ्यांचं गणित इथेच अडतं.

जेफरसन आणि हॅमिल्टन हेही वॉशिंग्टनच्या पहिल्या मंत्रिमंडळात असेच भांडले. त्यातलं बरंचसं आपल्याला जेफरसनच्या स्वतःच्या टिपणांतून कळतं, तेव्हा तिथेही हाच प्रश्न: सांगतोय कोण?

नेमणुकांचा डेटा मला जास्त बोलका वाटतो. मोरोपंत वारल्यावर पेशवाई त्यांच्या मुलाकडे, निळोपंतांकडे गेली. आणि ज्यांना देहदंड झाला त्या बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ संभाजीराजांच्याच चिटणिशीत राहिला, पुढे राजारामांना जिंजीपर्यंत पोहोचवण्यात त्याचा हात होता. मल्हार रामराव त्याच खंडो बल्लाळांचे वंशज.