सारांश आणि परीक्षण : विद्यार्थ्यांच्या निबंधांतील संहिताविचार

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी एखाद्या संहितेवर निबंध लिहितो तेव्हा त्याच्याकडून दोन गोष्टी अपेक्षित असतात. संहिता काय म्हणते हे त्याने सांगावे, आणि ती जे म्हणते ते कशाच्या आधारावर उभे आहे हे तपासावे. पहिल्या कामाला सारांश म्हणता येईल, दुसऱ्याला परीक्षण. प्रत्यक्षात पहिले काम आटोपले की दुसऱ्याची जागा अनेकदा लेखकाविषयीचा अभिप्राय घेतो. लेखक वंदनीय वाटत असेल तर गौरव होतो, अप्रिय असेल तर निषेध होतो. दोन्ही वेळा संहिता अस्पर्शित राहते. कविता, भाषण आणि तात्त्विक युक्तिवाद यांना ‘आशय’ आणि ‘अभिव्यक्ती’ या एकाच जोडीने मोजण्याची सवय हे याचे एक कारण आहे. वस्तुतः या तीन प्रकारांत सारांशातून निसटणारी गोष्ट वेगवेगळी असते, आणि जे निसटते तेथूनच परीक्षणाला आरंभ व्हावा लागतो.

केशवसुतांची ‘तुतारी’ ही १८९३ मधील कविता घ्यावी. केशवसुतांनी तुतारी फुंकून समाजाला जागे केले, अशा अर्थाचे विधान या कवितेविषयी सहज केले जाते. कवितेच्या आरंभीची क्रियापदे मात्र वेगळेच सांगतात. बोलणाऱ्याजवळ तुतारी नाही. तो ती मागतो आहे, आणि ती मिळाल्यास आपण ती स्वतःच्या प्राणाने फुंकू असे भविष्यकाळात म्हणतो आहे. पुढे जुन्याला जाळण्यापुरण्याविषयी तो बोलू लागतो तेव्हा मागणीचा सूर आज्ञेचा झालेला असतो, जणू तुतारी मध्येच केव्हातरी हाती आली आहे. ती कोणी आणून दिली? की मागणी करता करता कविताच तुतारी झाली? की आज्ञेचा हा आवाज अजूनही कल्पनेतलाच आहे? यांपैकी कोणत्याही उत्तराचे समर्थन करता येईल. परंतु ‘सामाजिक बंडखोरी’ हे आशयसूत्र एकदा नोंदवले, आणि कवितेतील ‘मी’ म्हणजे कृष्णाजी केशव दामले असे गृहीत धरले, की प्रश्नच उद्भवत नाहीत. कवितेत निसटते ती बोलणाऱ्याची स्थिती. ती क्रियापदांच्या काळात आणि अर्थात दडलेली असते.

भाषणाच्या बाबतीत निसटतो तो श्रोता. डॉ. आंबेडकरांचे जातिनिर्मूलनावरील भाषण १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी लिहिले गेले. मसुद्यातील काही भागांना मंडळाने हरकत घेतली, आंबेडकरांनी बदल करण्यास नकार दिला, अधिवेशन रद्द झाले आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने प्रसिद्ध केले. ते कधीच केले गेले नाही, एवढी वस्तुस्थिती नोंदवणे पुरेसे नाही. संपूर्ण संहिता ‘तुम्ही’ या संबोधनावर उभी आहे, आणि हे ‘तुम्ही’ म्हणजे सवर्ण हिंदू सुधारक. बोलणाऱ्याने ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केलेला आहे. म्हणजे शास्त्रांचे प्रामाण्य नष्ट करा हा सल्ला घर सोडून निघालेला माणूस घरात राहणाऱ्यांना देतो आहे. असा सल्ला देण्याचा अधिकार त्याला कोठून येतो? आंबेडकरांना या प्रश्नाची पूर्ण जाणीव होती; आरंभीच त्यांनी, अंत्यज पंडित असला तरी त्याला गुरू करू नये, या ‘दासबोधा’तील भूमिकेचा उल्लेख केला आहे. या भाषणाला ‘समतेचा संदेश’ असे नाव देऊन मोकळे होणारा निबंध अधिकाराचा हा प्रश्न पुसून टाकतो. संदेश कोणालाही देता येतो. हे भाषण मात्र विशिष्ट माणसांना अडचणीत आणण्यासाठी लिहिलेले होते, आणि ती अडचण त्यांनी ओळखली म्हणूनच अधिवेशन झाले नाही.

याच भाषणात एक युक्तिवादही आहे, आणि सारांशात त्याचा एक शब्द नेहमी गळतो. जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे आंबेडकर म्हणतात, अशी मांडणी रूढ झाली आहे. मूळ विधानात ती ‘केवळ’ श्रमविभागणी नाही, श्रमिकांचीही विभागणी आहे, असे म्हटले आहे. हा फरक किरकोळ नाही. ‘केवळ’ ठेवला तर जातीच्या समर्थकाचे म्हणणे काही अंशी मान्य करून, त्याला पुढे नेऊन कोंडीत पकडण्याची रीत दिसते: श्रमविभागणी सर्वत्र असते हे कबूल, पण श्रमिकांना हवाबंद कप्प्यांत घालून त्यांची उतरंड रचणारी विभागणी कोठे असते? आणि ती व्यक्तीच्या कलावर न बेतता तिच्या जन्मावर का बेतलेली असते? ‘केवळ’ काढला की नुसता नकार उरतो. नकार घोषणेला सोयीचा असतो, पण त्यात प्रतिपक्षाला उत्तर दिल्याची खूण राहत नाही.

लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’विषयीच्या लेखनात युक्तिवादाची अशीच एक पायरी गाळली जाते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मीमांसकांच्या तात्पर्यनिर्णयाच्या कसोट्या आधी मांडतो: उपक्रम, उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. अर्जुन आरंभी युद्ध नाकारतो आणि शेवटी त्याला तयार होतो. म्हणून गीता प्रवृत्तिपर आहे, असा निष्कर्ष विद्यार्थी नोंदवतो आणि टिळकांनी शंकराचार्यांचे खंडन केले असे लिहून थांबतो. परंतु अर्जुन लढला एवढ्याने शांकरमताला धक्का लागत नाही. ज्याला आत्मज्ञान झालेले नाही त्याने चित्तशुद्धीसाठी कर्म करावे, हे त्या मताला मान्यच आहे. खरा वाद ज्ञानी पुरुषानेही कर्म करीत राहावे काय, हा आहे. टिळकांना हे ठाऊक होते. ‘संन्यास व कर्मयोग’ या प्रकरणात पाचव्या अध्यायातील कर्मयोगाच्या श्रेष्ठत्वावर ते इतका भर देतात तो त्यामुळेच. शांकरभाष्य ते श्रेष्ठत्व ज्ञानरहित संन्यासाच्या तुलनेतले मानते. टिळक तसा संकोच करण्यास आधार नाही म्हणतात. निबंधाने थांबायचे ते येथे. कोणाचे वाचन अधिक ग्राह्य, हे ठरवण्यासाठी आधी वाद नेमका कोठे आहे ते सापडावे लागते.

वादाची जागा शोधण्याची ही शिस्त पूर्वपक्ष मांडण्याच्या आपल्या परंपरेला नवी नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या नेटकेपणाने मांडावे आणि मगच उत्तराकडे वळावे, ही तिची अट होती. या अर्थाने सारांश हे कमी दर्जाचे काम नव्हे. प्रामाणिक सारांशात ‘केवळ’ गळत नाही, भविष्यकाळाचा भूतकाळ होत नाही आणि श्रोता हरवत नाही. निकृष्ट सारांशावर मात्र कितीही सैद्धांतिक परिभाषा चढवली तरी परीक्षण घडत नाही.

मोठ्या नावांपुढे विद्यार्थी कचरतो, कारण शंका घेणे म्हणजे अनादर असे त्याला वाटते. आणि परीक्षापद्धतीही गौरवाला सहसा दंड करीत नाही. ही भीती त्या ग्रंथकारांच्याच वर्तनाशी विसंगत आहे. टिळकांनी आपले मत मांडताना पूर्वाचार्यांची मते सविस्तर देऊन त्यांच्याशी मतभेद नोंदवला. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये घेतलेले आक्षेप आंबेडकरांनी १९३७ च्या आवृत्तीत आपल्याच पुस्तकात छापले आणि त्यांना उत्तर दिले. आपल्या प्रतिपक्षाला त्यांनी जी वागणूक दिली तीच त्यांच्या ग्रंथांना देणे, म्हणजे म्हणणे पूर्ण ऐकून मग पायरी पायरीने तपासणे, यात अनादर कोणताच नाही. न तपासता केलेला गौरव त्यांना युक्तिवाद करणारे मानण्याचेच नाकारतो.