ग्रिलपार्त्सरची नाटके : कृती आणि निवृत्ती

ऑस्ट्रियन नाटककार फ्रान्त्स ग्रिलपार्त्सर (१७९१–१८७२) व्हिएन्ना येथे निधन पावला, तेव्हा ज्यांचा पूर्ण प्रयोग त्याने कधीच होऊ दिला नव्हता अशी तीन नाटके त्याच्या कागदपत्रांत मिळाली : ‘लिबुसा’, ‘हाब्सबुर्ग घराण्यातील भाऊबंदकी’ आणि ‘टोलेडोची ज्यू स्त्री’. वयाच्या सव्विसाव्या वर्षी ‘पूर्वजा’ या नाटकाने कीर्ती मिळविणाऱ्या लेखकाने रंगभूमीकडे अशी पाठ का फिरवावी, याचे उत्तर सामान्यतः १८३८ मधील एका अपयशात शोधले जाते. त्या वर्षी ‘धिक्कार असो असत्यवाद्याचा’ ही त्याची सुखात्मिका प्रेक्षकांनी हाणून पाडली. त्यापूर्वी ‘राजा ओटोकार’ दोन वर्षे सेन्सॉरच्या दप्तरात अडकून पडले होते. ‘धन्याचा इमानी सेवक’ तर सम्राट फ्रान्त्सने विकत घेऊन दडपून टाकू पाहिले. ही कारणे खरी आहेत, परंतु अपुरी आहेत. रंगभूमीचा त्याग या नाटककाराच्या नाट्यदृष्टीतच बीजरूपाने होता.

ग्रिलपार्त्सरच्या नायकांचा प्रमाद सहसा दुष्टपणाचा नसतो; आपले वर्तुळ ओलांडण्याचा असतो. सॅफो काव्याचे शिखर सोडून प्रेमाच्या संसारात उतरू पाहते आणि दोन्हींना मुकते. ‘सुवर्णलोकर’ या नाट्यत्रयीत (१८२१) लोकर ज्याच्या हाती जाते त्याला ती डागाळते. ओटोकारला मांडलिकत्व पत्करण्यासाठी रूडोल्फ हाब्सबुर्गपुढे तंबूच्या आडोशाने गुडघे टेकायचे असतात. नेमक्या त्या क्षणी तंबूचे दोर कापले जातात आणि सारे सैन्य त्याची ती अवस्था पाहते. ग्रिलपार्त्सरच्या नाट्यरचनेचे मर्म याहून स्पष्ट करणारा प्रसंग त्याच्या नाटकांत क्वचितच सापडेल. ‘स्वप्न : एक जीवन’ (१८३४) मधील रुस्तानला महत्त्वाकांक्षेचा सारा रक्तरंजित प्रवास स्वप्नातच घडतो, जागा होताच तो घरी राहणे पसंत करतो.

येथे एक पेच उभा राहतो. कृतीवरच उभ्या असलेल्या कलाप्रकारात कृतीविषयीचा हा अविश्वास कसा सामावावा? ‘शम’ नाट्यात परिपुष्ट होऊ शकत नाही, असे दशरूपककार धनंजयाने म्हटले आहे. ग्रिलपार्त्सरला तो ग्रंथ ठाऊक असण्याचा प्रश्न नाही. पण त्याची अडचण तीच होती. १८३२ पासून १८५६ पर्यंत दरबारी अभिलेखागाराचा संचालक म्हणून जुन्या कागदांत बसलेला, आणि स्वतःच्याच नगरात राहून आपल्या काव्यमालिकेला ओव्हिडच्या हद्दपारीतील काव्याचे नाव देणारा हा मनुष्य वृत्तीनेही निवृत्तीकडे झुकलेला होता. (त्याची कविता बहुधा तक्रारीपलीकडे जात नाही, तिच्यातून चरित्रकारांना अधिक मिळते, रसिकांना कमी.)

मात्र ‘भाऊबंदकी’ हे नाटक या वृत्तीची आरती नाही, तिची झडती आहे. प्रागच्या गढीत ताऱ्यांचे गणित मांडत बसलेला सम्राट रूडोल्फ द्वितीय जाणतो, की आपण हललो तर धर्मयुद्ध पेटेल. म्हणून तो काहीच करीत नाही. ज्ञानाने तो आपल्या भावाहून, माथियासहून, कितीतरी मोठा आहे, आणि नाटककाराचे ममत्व उघडपणे त्याच्या बाजूला आहे. तरीही त्याच्या हातून दोनच कृती घडतात, व दोन्ही भयंकर ठरतात. आर्चड्यूक लिओपोल्डच्या आग्रहाला बळी पडून तो पासाउच्या सैन्याला आणण्याची अनुज्ञा देतो, आणि लगेच ती परत घेऊ पाहतो. तोवर उशीर झालेला असतो. आपला अनौरस पुत्र डॉन सीझर याने नस तोडून घेतली असता तो वैद्याला आत जाऊ देत नाही. खोलीची किल्ली विहिरीत टाकतो. ज्याने आयुष्यभर हात आवरला त्याचा हात उठतो तो मुलाच्या मृत्यूसाठी. ही क्रूरता अनेक टीकाकारांना विसंगत वाटली आहे. परंतु साचवून ठेवलेली कृती अशीच फुटावी, हे मानसशास्त्रीय सत्य नाटककाराने येथे निर्दयपणे नोंदविले आहे.

नाटकाला दोष नाही असे नव्हे. मधल्या अंकांतील राजकीय वाटाघाटी लांबतात, आणि लुक्रेशिया ही केवळ बळी जाण्यापुरतीच येते. पण अखेरच्या प्रसंगात, बाहेर माथियासचा जयघोष चालू असताना, मृत भावाच्या मुकुटापुढे तो गुडघे टेकून आपल्या अपराधाची कबुली देतो. तीस वर्षांचे युद्ध तेव्हा उंबरठ्यावर आलेले असते. मुकुट कृतिशूराला मिळालेला आहे, आणि त्याचे काय करावे हे त्याला ठाऊक नाही.