साओ फेंग आणि शेजारचा आंग्रे

आमच्या कळंबला समुद्र नाही. घोड नदी आहे, पुणे-नाशिक रस्ता आहे, ऊस आहे. समुद्री चाच्यांवर लिहायला बसलेल्या माणसाचा हा पत्ता थोडा विनोदीच म्हणायचा. पण शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटात उभे राहिले की समुद्र फार लांबचा वाटत नाही. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच घाटाने जुन्नरला चढत होता. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ज्याच्या हातात वाट, तो वाटेचा पैसा घेतो. हा रांजण वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण लेखाच्या मध्यावर तो पुन्हा लागणार आहे.

विषयाकडे मी वळलो तो योगायोगाने. सुट्टीत आलेला भाचा टीव्हीवर ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन: अ‍ॅट वर्ल्ड्स एंड’ पाहत होता. २००७ सालचा, गोर व्हर्बिन्स्की या दिग्दर्शकाचा हा चित्रपट. सुरुवातीला वाफेने भरलेल्या सिंगापूरच्या हमामखान्यात साओ फेंग हा चिनी चाचा प्रकटला, तेव्हा मीही खुर्ची ओढून बसलो. उत्तरार्धात चाच्यांच्या दरबारात फेटा बांधलेला एक जाडजूड दाढीवाला दिसला. तो बराच वेळ गप्प राहिला, त्याच्या वतीने त्याचे सेवक बोलले. शेवटी एकदाच तोंड उघडले तर आवाज निघाला चिरका, बायकी. भाचा खो खो हसला. मीही हसलो. मग श्रेयनामावलीत त्याचे नाव वाचले: श्री सुंभाजी. पुढे चित्रपटाच्या पूरक साहित्यात त्याचे आडनावही सापडले, आंग्रिया. माझे हसू तिथेच थांबले. हा हिंदी महासागराचा चाचा-सरदार म्हणजे विजयदुर्गचा सरखेल संभाजी आंग्रे, कान्होजींचा मुलगा.

त्या संध्याकाळपासून मी या दोघांना शेजारी-शेजारी ठेवून पाहतो आहे. एक चिनी, पूर्णपणे कल्पित. दुसरा मराठी, नावापुरता खरा. दोघांचे एकाच पटकथेत काय झाले आणि त्यावर दोघांच्या देशांत काय उमटले, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

आधी साओ फेंग. चाउ युन-फात हा हाँगकाँगचा मोठा नट, आणि त्याच्या वाट्याला आलेले सोंग असे: तुळतुळीत डोके, चेहऱ्यावर व्रण, लोंबत्या मिशा, लांब नखे. हे सोंग नवे नाही. सॅक्स रोमर या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये फू मांचू नावाचा कपटी चिनी खलनायक पुस्तकात आणला. पुढे पडद्यावर त्याला लोंबत्या मिशा चिकटल्या आणि त्या पाश्चात्त्य साहसकथेतल्या चिन्याच्या चेहऱ्यावरून आजतागायत उतरलेल्या नाहीत. साओ फेंगचे वागणेही त्या मिशांना साजेसे लिहिले आहे. तो कंपनीशी संधान बांधतो, मग कंपनीला फसवतो. एलिझाबेथला तो समुद्रदेवता समजतो आणि तिच्यावर बळजबरी करू पाहतो. तेवढ्यात तोफेचा गोळा येतो, लाकडाची ढलपी त्याच्या छातीत घुसते आणि तो मरतो. मरताना मात्र आपले गळ्यातले चिन्ह आणि जहाजाची कप्तानी त्याच एलिझाबेथच्या हाती देतो.

या शेवटच्या कृतीमुळे साओ फेंग निव्वळ सोंग राहत नाही, असे माझे मत आहे. चाच्याचे पद रक्ताने जात नाही, हाताने दिले जाते, हे त्या दृश्यात दिसते. पटकथेची पुढची सगळी वळणे त्यावर उभी आहेत, कारण एलिझाबेथ दरबारात बसते ती साओ फेंगच्या जागेवर. माणूस ढोबळ आहे, पण कथेला त्याची गरज आहे.

या सोंगामागे खरा इतिहासही आहे. त्याच दरबारात मिस्ट्रेस चिंग नावाची आंधळी म्हातारी बसली आहे. तिचे मूळ म्हणजे चेंग यी साओ. नवरा १८०७ मध्ये वारल्यावर दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरचा प्रचंड चाचे-तांडा तिने हातात घेतला, आणि १८१० मध्ये स्वतःच्या अटींवर सरकारला शरण गेली. रिचर्ड ग्लासपूल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा अधिकारी १८०९ मध्ये या चाच्यांच्या कैदेत होता. खंडणी भरून सुटल्यावर त्याने अनुभव लिहिला. युआन युंगलुन याने लिहिलेल्या चिनी वृत्तान्ताचे नॉयमनने केलेले इंग्रजी भाषांतर १८३१ मध्ये निघाले. शंभर वर्षांनी, १९३५ च्या आपल्या पुस्तकात बोर्हेसने तिच्यावर कथा लिहिली. म्हणजे चिनी चाच्याला साहित्यात एक वंशावळ आहे. प्रत्येक पिढीने तिच्यात काही खोटे मिसळले, पण धागा तुटू दिला नाही.

चाचा कोण आणि सेनापती कोण, हा प्रश्नही चिनी इतिहासात आपल्याइतकाच बोचरा आहे. चेंग चेंगकुंग, ज्याला युरोपीय लोक कोक्सिंगा म्हणतात, त्याने १६६२ मध्ये तैवानमधला डचांचा झीलांडिया किल्ला घेतला. डचांच्या लेखी तो समुद्री लुटारू. चीनमध्ये आणि तैवानात मात्र तो वीर, त्याची देवळे आहेत. जपानात चिकामात्सु या नाटककाराने १७१५ मध्ये त्याच्यावर नाटक रंगवले, आणि ते तुफान चालले. त्याच सुमारास आपल्याकडे कान्होजी कोकणात इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्याशी झुंजत होते.

आता नाणेघाटातला रांजण आठवावा. पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताज’ नावाचे परवाने विकले. परवाना नसलेले जहाज ते पकडत. कान्होजी दस्तक देत आणि दस्तक न घेणाऱ्याला पकडत. चेंग यी साओचा तांडाही व्यापाऱ्यांना पैसे घेऊन अभयपत्रे देई. कागद तिघांचा जवळजवळ एकच. पोर्तुगीजाचा तो कायदा ठरला, चिनी बाईची ती खंडणी ठरली, आणि आंग्र्यांचे काय ते कोणत्या भाषेतले पुस्तक उघडता यावर ठरते. क्लेमंट डाउनिंगने १७३७ मध्ये हिंदुस्थानातल्या युद्धांचा वृत्तान्त छापला, त्याच्या शीर्षकपृष्ठावरच आंग्रे ‘पायरेट’ आहे. १९०७ मध्ये कर्नल बिडल्फने ‘द पायरेट्स ऑफ मलबार’ लिहिले. पावणेदोनशे वर्षांत शब्द हलला नाही. मनोहर माळगावकरांचे कान्होजींवरचे पुस्तक १९५९ मध्ये आले, पु. लं.नी ते मराठीत आणले, आणि आपल्याला आपला सरखेल इंग्रजीतून परत मिळाला.

इथे आपल्या बाजूने बोलताना हात आखडता घेऊ नये, तसा तो फार सैलही सोडू नये. १७१२ मध्ये कान्होजींच्या लोकांनी मुंबईच्या गव्हर्नरचे जहाज पकडले. त्यावर एक तरुण इंग्रज स्त्री होती. तिचा नवरा त्या चकमकीत मेला आणि ती ३०,००० रुपये खंडणी भरल्यावर सुटली. हे प्रकरण बिडल्फने रंगवून सांगितले आहे, पण ते त्याने रचलेले नाही. ‘आंग्रे चाचे नव्हतेच’ एवढे ओरडून आपली सुटका होत नाही. ते राज्याचे आरमारप्रमुख होते आणि समुद्रावरची त्या काळची रीत त्यांनी पाळली, जी सर्वांचीच होती. त्या बाईची भीती त्यामुळे कमी होत नाही.

चित्रपटाकडे परत येऊ. त्यातला खरा खलनायक कोण? ईस्ट इंडिया कंपनी. चाच्यांचे नऊ सरदार एकत्र येतात ते कंपनीशी लढायला. पटकथेने बार्बोसाला कॅस्पियन समुद्र दिला आहे, ज्याला महासागराकडे वाटच नाही. थट्टाच ती. पण नऊ जणांच्या त्या बैठकीत कंपनीशी ज्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तोफांनी बोलणे केले असा कोण, तर तो गप्प बसलेला फेटेवाला. कान्होजी १७२९ मध्ये वारले. संभाजी १७३४ मध्ये सरखेल झाला. १७३५ च्या डिसेंबरात त्याने कंपनीचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज पकडले. दरबारात उभे राहून ‘मी डर्बी घेतले आहे, तुम्ही काय घेतले?’ असे विचारायचा अधिकार फक्त त्याला होता. त्याला चिरका आवाज दिला गेला, आणि बोलायला जेमतेम एक वाक्य.

एका बाबतीत मात्र पटकथाकार न कळत खरे बोलून गेले. राजा निवडताना जवळजवळ प्रत्येक सरदार स्वतःलाच मत देतो. संभाजीही देतो. खरा संभाजीही तेच करत होता. थोरला भाऊ सेखोजी १७३३ मध्ये गेल्यावर मानाजी आणि संभाजी यांची भाऊबंदकी पेटली. कुलाबा एकाकडे, विजयदुर्ग दुसऱ्याकडे, आणि आरमाराचे दोन तुकडे. चित्रपटात स्वतःला मत देणारे सरदार अखेर एक होतात. कोकणात तसे झाले नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजीच्या विजयदुर्गावर वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून आले आणि पेशव्यांची फौज जमिनीकडून. बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या दिवशी कंपनीच्या शेजारी आपण उभे होतो. सिनेमातला विनोदी आंग्रे पाहून रागावण्याआधी हे एकदा आठवलेले बरे.

आता राहिला तो दोन देशांच्या प्रतिक्रियांचा भाग. चीनमध्ये हा चित्रपट दाखवताना साओ फेंगची सुमारे निम्मी दृश्ये कापली गेली. चिनी माणसाची विटंबना होते, असे कारण तिथल्या वृत्तांत आले. कापणे मला पटत नाही. ज्या कृतीने साओ फेंग माणूस होतो, ती बघायची तर आधी त्याचा कपटीपणाही बघावा लागतो. तरी कात्रीमागे एक गोष्ट होती: तिथे कोणाचे तरी लक्ष होते. संभाजी आंग्र्याला कापायची गरजच पडली नाही. लिहितानाच तो एवढा लहान झाला की आपल्या लक्षात येण्याइतकाही उरला नाही. मुंबईत नौदलाच्या तळाला १९५१ पासून ‘आंग्रे’ हे नाव आहे. पण नाव दिल्याने माणसाला आवाज येत नाही.

सह्याद्रीच्या गडांवर आपण पुस्तकेच पुस्तके लिहिली. माझ्या कपाटात किल्ल्यांना तीन फळ्या लागतात आणि आरमार एका कोपऱ्यात मावते. कल्पित साओ फेंगला उभे राहायला चेंग यी साओ, ग्लासपूल, बोर्हेस एवढी पायाभरणी होती. संभाजीला उभे राहायला मराठीतल्या साहसकथेने पाटही मांडलेला नाही. मग परक्याने तो हवा तसा बसवला, तर दोष निम्मा आपला.

मला हवी ती कादंबरी लहान आहे. डर्बी पकडल्याचा दिवस. त्यात गलबतावरचे कोळी आणि भंडारी असावेत, वाऱ्याची वाट पाहणारा तांडेल असावा, कैद झालेल्या इंग्रज खलाशाची भीतीही असावी. आणि शेवटी संभाजीने लुटीचा हिशेब भावाला कळवायचा की नाही यावर रात्रभर जागे राहावे. देव नको, विदूषकही नको.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘मामा, मग त्याचा आवाज खरा कसा होता?’’ मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मी वही काढली आणि पहिल्या पानावर फक्त तारीख लिहिली: डिसेंबर १७३५.